कोठीवरचं नाव

आभाळ भरून आलतं आन् कापूस बोंडातून निघून लोंबत व्हता, त्याच टायमाला वकीलीणबाईचा फोन आला. फोन माझ्या खिशात. सरस्वती वैनी सरीच्या त्या टोकाला, कंबरेला झोळी बांधून. वेचत न्हवती, उपटत व्हती. बोंडाची नखं लागून तिची बोटं रगताळली व्हती, तरी थांबायला तयार न्हाई.

म्या बांधावरनंच आवाज दिला, "वैनी, अपील सुनावणीला बोर्डावर आलंय. म्याडमनं परवा बोलावलंय."

"परवा? आन् ह्यो कापूस?"

"ऱ्हाऊ द्या की."

"पाऊस आला तर काळा पडंल."

"अवो, दादाचं अपील हाय."

"ऐकू आलं. कानात बोळे न्हाईत माझ्या," म्हणली आन् पुन्हा वाकली. पर दोन झाडं तशीच सोडून पुढं गेली. ध्यानात आलं तशी माघारी आली, ती वेचली, आन् पुढची चार सोडली. त्या दिवशी तिच्या मागं सरीभर असा पांढरा कापूस ऱ्हात गेला. मी तिच्या मागनं वेचत चाललो.

धोंडीदादा माझा चुलत भाऊ. आमची वस्ती चकलांब्याच्या पल्याड, माळावर. तीन वर्सं झाली, दादा औरंगाबादच्या हर्सूल जेलात. आता संभाजीनगर म्हणायचं, पर वैनीच्या तोंडात औरंगाबादच बसलंय. गुन्हा काय? तर गांजा. ज्या माणसानं उभ्या जन्मात बिडी वढली न्हाई त्याच्यावर. तंबाखू तेवढी खायचा, ती बी वैनीला चोरून.

झालं असं व्हतं. आमच्याकडं दिवाळी सरली की अर्धी वस्ती कोयते घिऊन ऊसतोडीला कारखान्यावर जाती, ती पार उन्हाळ्यात माघारी. घरं पत्र्याची. लाथ मारली तर दार आत. मग जाणारा माणूस आपली धान्याची कोठी ऱ्हाणाऱ्याच्या घरात आणून ठिवतो. चांगलं लुगडं, गोधड्या, बी-बियाणं, काय असंल ते तिच्यात घालायचं, कुलूप ठोकायचं, चावी संगं न्यायची. आन् ठिवून घेणाऱ्यानं आत काय हाय म्हणून इचारायचं न्हाई. इचारलं की संशेव घेतल्यासारखं व्हतं. धोंडीदादा कारखान्याला जात न्हवता, त्याच्या गुडघ्यात दम न्हवता. म्हणून दर हिवाळ्यात त्याच्या पडवीत कोठ्यांची रांग लागायची. दादा म्हणायचा, "माझ्याकडं हिवाळाभर पावणे उभे असत्यात. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत, बिड्या मागत न्हाईत. असे पावणे कुठं भेटत्यात बे?"

त्या रांगेत एक कोठी योगिताची. योगिता दादाच्या मेलेल्या बहिणीची लेक. हातभर व्हती तवा आणली, दादानं आन् वैनीनं वाढवली, नारायणगडाच्या पायथ्याला एका वस्तीवर दिली. नवरा हनुमान. लग्नात मामानं स्टीलची कोठी दिली, आन् भांडेवाल्याकडनं तिच्यावर आपलं नाव टाकून घेतलं. आमच्याकडं भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं. वापरणाऱ्याचं कधीच नसतं. मी रोज पाणी पितो त्या तांब्यावर माझ्या सासऱ्याचं नाव हाय, आन् म्हातारा जाऊन जमाना झाला.

पोलिसांची गाडी सकाळी आली. कुणी खबर दिली, देवाला ठावं. साऱ्या कोठ्यांची कुलपं तोडली. कुणाच्या गव्हात, कुणाच्या गोधड्यात हात घातले. योगिताच्या कोठीत वर बाजरी निघाली. बाजरीखाली खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेले पुडे. एक फोडला तशी पडवीत हिरवा, उग्र वास भरला. शेळ्यासुदिक शिंकायला लागल्या. काट्यावर घातलं तर वीस किलोच्या वर भरलं. वीसच्या वर गेलं की दहा वर्सं, ह्ये आमाला मागनं कळलं.

फौजदार पोरगाच व्हता, शेतकऱ्याच्या घरचाच दिसत व्हता. त्याच्या बी आयच्या भांड्यावर मामाचं नाव असंलच. पर त्यानं कोठीवर बोट ठिवून इचारलं, "हे नाव कुणाचं?"

"माझं," दादा म्हणला.

"घर कुणाचं?"

"माझंच."

"मग आता माल कुणाचा, ते पण सांगा."

दादानं कोठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पुढं सरकलो, बोलायला तोंड उघडलं. दादा हळूच म्हणला, "इठ्ठल, तू गप." योगिता तवा पोटुशी व्हती, कारखान्यावर. तिचं नाव निघालं असतं तर तसल्या दिसांत तिला गाडीत घालून आणली असती. दादा कोर्टात बी तेवढंच बोलला. नाव माझं हाय, बाकी म्हाईत न्हाई. दहा वर्सं बसली. साऱ्या वस्तीला कोठी कुणाची ते ठावं व्हतं. दादानं सांगितलं म्हणून सारी वस्ती गप बसली.

ठरल्या दिवशी आमी यष्टीनं गेलो. वर्षाराणी म्याडमचं हापीस जिन्यावर. वैनी खुर्चीवर बसंना. भिंतीपासून खिडकीपतुर, खिडकीपासून भिंतीपतुर चाललेली.

"बसा ना, मावशी."

"बसले की उठू वाटत न्हाई. तुमी बोला."

म्याडमनं चष्मा वर केला. "बघा, कायदा असा आहे. माल ज्याच्या ताब्यात सापडला त्याचाच तो, आणि त्याला माहीत होतं, असं कोर्ट धरून चालतं. माहीत नव्हतं, हे त्यानं दाखवायचं."

वैनी थांबली. "म्हाईत न्हवतं ह्ये कसं दाखवायचं ओ बाई? घरात भाकर असली तर आणून दाखवीन. नसलेली भाकर कशी दाखवू?"

"अगदी बरोबर. म्हणून आधी सरकारनं दाखवायचं, की ताबा खरंच यांचा होता. तिथं मला एक फट दिसते. कोठीला कुलूप होतं, पोलिसांनी ते तोडलं. किल्ली यांच्याकडं सापडली नाही. पण सरकारी वकील म्हणतील, फेकली असेल, नाव तर यांचंच आहे. मग कोर्ट मला विचारेल, आणि तेच मी तुम्हाला विचारते. किल्ली कुणाकडं होती?"

वर पंखा करकर करत व्हता. मी माझ्या वहाणांकडं बघत बसलो. वैनी खिडकीबाहेर.

"मी वकील आहे तुमची," म्याडम म्हणली. "पोलीस नाही."

मला धरवंना. "कोठी भाचीची हाय," म्हणलो.

वैनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्ची मागं सरकवली. म्याडमनं पेन खाली ठिवला. मग म्हणली, "तीन वर्षं! तुम्ही सगळे तीन वर्षं गप्प बसलात?"

"त्यानं सांगितलं व्हतं," म्या म्हणलो.

"सुनावणी सोमवारी आहे. ती आली आणि शपथेवर बोलली, तर मी कोर्टाला अर्ज देऊ शकते, की हा नवीन पुरावा घ्या. पण नीट ऐका. किल्ली माझी, असं ती म्हणाली, की ते धरून चालणं यांच्यावरून उठून तिच्यावर बसेल. तिला हे आधीच कळलं पाहिजे. मी तिची वकील होऊ शकत नाही, तिनं दुसरा बघावा."

"आन् ती न्हाई आली तर?"

"तरी भांडेन. पण यांना सोडवून आणते, असं तोंड भरून सांगणार नाही."

जिना उतरताना वैनीचा पाय दोनदा चुकला.

तिथनंच हर्सूलला गेलो, भेटीचा वार व्हता. मधी काच, हिकडं फोन, तिकडं फोन. दादा आला. तोंड आत गेलेलं, त्यामुळं कान मोठे दिसत व्हते. फोन उचलला आन् पयलं काय इचारावं?

"कापूस वेचला का?"

"कापूस गेला खड्ड्यात," वैनी म्हणली.

"अगं, आभाळ आलंय म्हणत्यात. काळा पडंल."

"तुमच्या तोंडाकडं बघा आदी, काय पडलंय ते. अपील निघालंय. म्याडम म्हणती, चावी कुणाची सांगा. म्या योगीला आणती."

दादानं दुसरा हात काचंवर ठिवला. "तिचं नाव काढायचं न्हाई."

"कावून?"

"लेकरू हाय त्ये."

"लेकराला लेकरू झालंय आता. चालतंय, बोलतंय."

"हनम्यानं भरलं असंल. तिला न्हवतं म्हाईत. म्या वाढवलीय तिला, मला कळत न्हाई व्हय?"

"आन् कोर्ट म्हणतं तुमाला म्हाईत व्हतं."

"म्हणू दे. कोर्टानं काय मला वाढवलंय?"

मला हसू आलं, आन् हसायची लाज बी वाटली. दादा काचंला टेकून म्हणला, "सरे, ऐक. पोरीला दिलेली वस्तू. ती माझी न्हाई असं म्हणलं की ती तिची ठरती. म्हणून म्या माझीच म्हणतो. तोडून बोलू नको तिला."

तेवढ्यात टाइम संपला, फोन बंद पडला. दादाला कळलंच न्हाई. त्यो काचंपल्याड बोलतच व्हता, हात हलवून, तोंड हलवून. शिपायानं खांद्याला धरून उठवला तवा गप झाला.

दुसऱ्या दिवशी वैनी घरी थांबली न्हाई. कापूस तसाच टाकून म्हणली, "भाऊजी, चला." आमी नारायणगडाच्या रस्त्याला लागलो. उतरलो तर वस्तीवर सगळा धुरळा. टोळी निघायची घाई. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्यात पत्रे, सरपण, कोंबड्यांचं डालगं, पाण्याच्या टाक्या, वरनं बांधलेले कोयते. वारं सुटलेलं, प्लास्टिकचा कागद फडफडत व्हता. मुकादम फोनवर कुणाला तरी शिव्या देत व्हता.

हनुमान दोर आवळत व्हता. आमाला बघितलं आन् गाठ मारलेली सोडून पुन्हा मारायला लागला.

"मामी, आज कावून आलात?"

"भाचीला भेटायला. तुला इचारून यावं लागतंय का?"

"तसं न्हाई. निघायच्या घाईत हाय, म्हणून म्हणलं."

योगिता चुलीम्होरं बसलेली. वाटंत लागत्यात म्हणून भाकरी थापत व्हती. पोरगी पयल्यापेक्षा लई वाळली व्हती. अंगावर रेलून तिची लेक तेजू, नाकाला शेंबूड, हातात भाकरीचा तुकडा. वैनीनं पदर खवसला, योगिताला बाजूला सरकवलं आन् सोता थापायला बसली. तिचे हात मोकळे ऱ्हातच न्हाईत. थापायची, टाकायची, पाणी लावायची, उलटायची, आन् बोलणं तव्याकडं बघून.

"योगी, तुझ्या मामाचं अपील निघालंय."

"व्हय?"

"त्येला म्हाईत न्हवतं ना त्यात काय हाय ते?"

"न्हवतंच, मामी."

"आन् तुला बी न्हवतं, म्हणतो त्यो. काल मला म्हणला, लेकरू हाय त्ये."

योगितानं तेजूचं नाक पुसलं. पुन्हा पुसलं, नाक कोरडं झालं तरी पुसत ऱ्हायली. मग म्हणली, "मामी, भाकर जळतीय."

"जळू दे."

"वरची बाजरी म्या ओतली."

वैनीची बोटं तव्याला लागली. तिनं उचलली न्हाईत. मीच पुढं झालो आन् हात बाजूला वढला.

"काय म्हणलीस?"

"त्यांनी पुडे लावले. कुणाचा तरी माल व्हता, चार महिने ठिवायचा म्हणले. बाजरी म्या ओतली. मामाच्या घरात कोण बघतंय, असं म्याच म्हणले. त्यांना सुचलं न्हवतं. मला सुचलं."

वैनी उठली. पीठ भरलेल्या हातानंच ट्रॅक्टरच्या कडंनं चालाय लागली. एक चक्कर मारली, मग दुसरी. टोळीच्या बाया बघायला लागल्या. मुकादमानं फोन कानावरनं काढला. तिसऱ्या चकरंला ती योगिताम्होरं येऊन थांबली. मला वाटलं, आता मारती. पर तिचा आवाज लई बारीक निघाला.

"त्यो काचंपल्याड बसलाय. मधी फोन बंद पडतो तरी बोलतो. काय बोलतो, ठावं हाय का? लेकरू हाय त्ये."

"म्या येणार व्हते," योगिता म्हणली. "खबर आली तवा तेजू पोटात व्हती. मग तेजू अंगावर पीत व्हती. मग…"

"मग काय?"

"मग सवय झाली."

मी तवा खाली उतरवला. भाकर कोळसा झालती.

हनुमान आला. "चला, चला. मुकादम बोंबलतोय. मामी, जे झालं ते झालं, आता…"

"तू गप बे," म्या म्हणलो. तीन वर्सांत पयल्यांदा म्या त्याच्याशी बोललो असंल.

वैनी म्हणली, "चावी कुठाय?"

योगितानं गळ्यातल्या काळ्या पोतीला हात घातला. पोतीत पिन, पिनंत चावी. घामानं काळी पडलेली.

हनुमानचे डोळे मोठे झाले. "फेकून दे म्हणलं व्हतं ना तुला!"

"तुमी लई काय काय म्हणला व्हता," योगिता म्हणली. तिनं पिन सोडली आन् चावी वैनीम्होरं धरली. "घ्या मामी. दाखवा त्यांना."

वैनीनं दोन्ही हात मागं घेतले. "मला देऊ नको. माझ्या हातात आली की माझी झाली, असलं हाय ते तिथलं सगळं. यायचं असंल तर तूच घिऊन यायचं. आन् आलीस तर त्ये तुझ्यावर बसंल, म्याडमनं सांगितलंय. दुसरा वकील बघ म्हणली. आता तुला सगळं सांगितलं."

"कधी?"

"सोमवारी. औरंगाबादला, हायकोर्टात. न्हाई आलीस तर कारखान्याला जा. म्या कुणाला सांगणार न्हाई. त्याला तर न्हाईच."

येताना रस्त्याला गाडीची वाट बघत मी वैनीवर चिडलो. "घिऊन यायची ना हाताला धरून! कावून सोडली?"

"म्या ओढून आणली असती तर तिथं जाऊन रडली असती नुसती," वैनी म्हणली. "रडण्याचं कोर्टात काय करत्यात?"

तेवढ्यात ती टोळी आमच्या समोरनंच गेली. दुसऱ्या ट्रॉलीत सामानावर योगिता बसलेली, तेजूला पदरात झाकून. तिनं आमच्याकडं बघितलं आन् नजर काढली न्हाई. येणार का न्हाई, आमाला काय बी कळलं न्हाई.

त्या राती पाऊस आला. ऱ्हायलेला कापूस भिजून झाडालाच काळा पडला. वैनी शेताकडं गेली सुदिक न्हाई.

सोमवारी कोर्टाच्या लांब गल्लीत आमी उभे. काळे कोट इकडनं तिकडं. वैनीचं चालणं सुरूच. शिपाई म्हणला, "मावशी, एका जागी उभ्या ऱ्हावा की."

"उभं ऱ्हायलं तर पाय दुखत्यात."

"चालल्यावर न्हाई दुखत?"

"चालल्यावर ध्यानात येत न्हाई."

त्यो हसला आन् बाजूला झाला. म्याडम दारातनं डोकावून गेली. आपली केस दुपारच्या आत निघंल म्हणली. मी जिन्याकडं बघून बघून मान अवघडून घेतली. सारे चेहरे दुसऱ्याचेच.

वैनी म्हणली, "नका बघू, भाऊजी. गेली ती."

"अजून टाइम हाय."

"बरं झालं गेली ती," म्हणली. लगीच म्हणली, "मेली कावून न्हाई आली?"

आन् तवाच जिन्यावर योगिता दिसली. कडंवर तेजू. साडीला चिखल, केसात पाचटाचे तुकडे, हातावर उसाच्या पात्यांचे वळ. कारखान्यावर उतरून दोन दिस ऊस तोडून, मिळंल त्या गाडीनं एकटी माघारी आलती. वैनीनं तिला बघितलं, आन् तीन वर्सांत मी पयल्यांदा वैनीला भिंतीला टेकून बसलेली बघितली.

म्याडम भाईर आली. योगिताला तिनं सारं पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश, शाळेतल्या बाईवाणी. "तुम्ही बोललात तर तुमच्यावर गुन्हा येऊ शकतो. खूप वर्षांची शिक्षा असते. शेजारच्या दालनात फुकट सल्ला देणारे वकील बसतात. आधी त्यांच्याशी बोला. त्यांनी नको म्हटलं, तर तुम्हाला कुणी धरून ठेवणार नाही."

"बोलते," योगिता म्हणली. "पर लिवायचं त्येच लिवा. चावी माझी. कोठी माझी. मामाला म्हाईत न्हवतं. मला व्हतं."

"शेवटचं वाक्य बोलायला तुम्ही बांधील नाही. ते तुम्ही सांगायलाच पाहिजे असं नाही."

"त्येच तर सांगायला आले, बाई."

तिनं कडंवरची पोरगी उचलून वैनीच्या मांडीत ठिवली. "मामी, हिला धरा. जरा गरम हाय अंग." आन् म्याडमनं दाखवलेल्या दालनाकडं निघून गेली. तेजूनं भोकाड पसरलं. वैनी उठली आन् पोरीला घिऊन पुन्हा चालाय लागली.

पुढं कागदावर कागद झाले. म्याडमनं अर्ज दिला. हायकोर्टानं योगिताचं म्हणणं खालच्या कोर्टात लिवून घ्यायला सांगितलं. चावी त्या तुटक्या कुलपात फिरवून बघितली, ती फिरली. तोवर दादाला जामिनावर सोडायचा हुकूम निघाला. योगिता बोलून भाईर आली तशी पोलीस थांबलेलेच व्हते. तिला बीडच्या जेलात नेली. हनुमान कारखान्यावरनंच पळाला, अजून घावला न्हाई.

दादाला ह्यातलं कुणी काय सांगितलं न्हाई. वैनी भेटीलाच गेली न्हाई. मला म्हणली, "तुमी गेलात तर तुमचं तोंड फुटकं हाय. तुमी बी जाऊ नका."

जामिनाच्या दिवशी हर्सूलच्या गेटसमोर आमी उभे, वैनीच्या कडंवर तेजू. ऊन चटका देत व्हतं. मोठ्या दारातलं बारकं दार उघडलं आन् दादा वाकून भाईर आला. धोतर ढिलं झालेलं, एका हातानं धरलेलं. दुसऱ्या हातात पिशवी. त्यानं आदी आभाळाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"ही कोण गं?"

"तेजू. योगीची," वैनी म्हणली.

"आरं, आरं! एवढी झाली?" दादाचं तोंड पसरलं. त्यानं तेजूच्या गालाला बोट लावलं, पोरगी वैनीच्या खांद्यात घुसली. "आन् योगी कुठाय? च्या प्यायला गेली का?"

वैनी तेजूची पाठ थोपटत ऱ्हायली.

"इठ्ठल, बोल की बे."

मी म्हणलो, "दादा, ती कोर्टात येऊन बोलली. चावी तिची म्हणली."

"आन्?"

"आन् तिला म्हाईत व्हतं म्हणली."

दादा माझ्याकडं बघत ऱ्हायला. मग मान हलवायला लागला, थांबंचना. "खोटं हाय. मला सोडवायला खोटं बोलली ती. तिला न्हवतं म्हाईत."

"बाजरी तिनंच ओतली," वैनी म्हणली. "माझ्या तोंडावर म्हणली."

"न्हवतं म्हाईत!" दादा वरडला. पिशवी तिथंच टाकली आन् गर्रकन माघारी फिरला. त्या बारक्या दारावर तळहात मारायला लागला. "साहेब! ओ साहेब! दार उघडा!"

आतनं शिपायानं खिडकी उघडली. "काय ऱ्हायलं का बाबा आत?"

"मला आत घ्या. माल माझा हाय. मला सगळं म्हाईत व्हतं. लिवून घ्या."

शिपाई त्याच्याकडं बघून हसला, मग हसायचा थांबला. "बाबा, तुमाला सोडलंय. घरी जावा. ऊन लागलंय का?"

"तीन वर्सं तुमीच म्हणत व्हता ना, मला म्हाईत व्हतं म्हणून? आता म्या म्हणतो तर ऐकत न्हाई व्हय?"

"मी कुठं म्हणलं? मी दार बघतो."

"मग कुणाला सांगू?"

"ते मला काय ठावं? आत यायला कोर्टाचा कागद लागतो. सरका, भाजीची गाडी येतीय."

मागं टेम्पोवाला हॉर्न वाजवत व्हता. दादा दाराला हात लावून तसाच उभा. धोतर पार खाली घसरलेलं. मी जाऊन त्याला धरला, धोतर वर खवसलं.

वैनी तेजूला घिऊन जवळ आली. वरडली न्हाई, रडली बी न्हाई.

"मला नका सांगू, शिपायाला बी नका सांगू," म्हणली. "बीडला बुधवारी भेटू देत्यात. तिच्यासमोर बसा आन् तिलाच सांगा, तुला म्हाईत न्हवतं म्हणून."

दादाचा हात दारावरनं खाली आला. मी त्याला बाजूला घेतलं. टेम्पो कोबीची पानं सांडत आत गेला, मोठं दार लागलं. दादा रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हायला, एकदा ह्या बाजूला बघायचा, एकदा त्या. बीडकडं जाणारी गाडी कुठनं येती त्येच त्याला कळंना.

"इठ्ठल," म्हणला, "आज कंचा वार हाय?"